वळणाची किंमत

संगणकाच्या पडद्यावरील विमानयुद्धाच्या खेळात जो मनुष्य नव्याने उतरतो, तो बहुधा फार वेळ जिवंत राहत नाही; आणि तो मरतो, तो बहुतेक वेळा वळता वळता मरतो. पाठीमागे शत्रूचे विमान दिसले, की तो दचकतो, हातातील जॉयस्टिक पोटाकडे जितकी येईल तितकी ओढतो, आणि विमान कुशीवर टाकून एकाच दिशेने गरगर फिरू लागतो. पहिल्या अर्ध्या फेऱ्यात त्याला वाटते, आपण निसटलो. दुसऱ्या फेऱ्यात विमान सुस्तावते, तिसऱ्यात थरथरू लागते, आणि मग शत्रू काही विशेष पराक्रम न करता, झाडाचे पिकले फळ उतरवून घ्यावे तसे, त्याला टिपतो. पडदा काळा होतो. खेळणारा म्हणतो, "त्याचे विमानच चांगले होते." पुष्कळदा दोघांचीही विमाने एकाच जातीची असतात.

पराभवाचे हे कारण समजून घ्यावयाचे, तर विमान वळते कसे हे आधी पाहिले पाहिजे. सामान्य समजूत अशी, की नावेला जसे सुकाणू, तसे विमानाला शेपटीशी सुकाणू असावे, आणि ते फिरविले की विमान वळावे. खरा प्रकार निराळा आहे. सायकलस्वार वळणावर अंग कलते करतो, तसे विमान एका कुशीवर कलते. पंखांचे जे बल एरवी त्याला सरळ वर उचलून धरीत असते, ते आता कलून बाजूस ओढू लागते, आणि ती बाजूची ओढच विमानाला वर्तुळात फिरविते. परंतु बलाचा काही भाग असा बाजूस खर्ची पडला, की विमान तोलून धरण्यास उरलेला भाग अपुरा पडतो. म्हणून वैमानिकास दांडा मागे ओढून पंखांकडून अधिक बल मागून घ्यावे लागते. उंची न गमावता ६० अंश कलून वळावयाचे असेल, तर पंखांना विमानाच्या वजनाच्या दुप्पट बल द्यावे लागते; साडेपंच्याहत्तर अंशांवर चौपट, आणि ८० अंशांच्या किंचित पुढे सहापट. ह्या पटीलाच वैमानिक 'जी' म्हणतात. दोन जी म्हणजे विमानातील प्रत्येक वस्तू, वैमानिकासुद्धा, दुप्पट जड.

आता पंखांनी हे जादा बल द्यावयाचे कोठून? ते वाऱ्याला अधिक मोठ्या कोनाने भिडतात, आणि कोन वाढला की हवेचा विरोधही वाढतो. तो इंजिनाच्या जोरापेक्षा अधिक झाला, की वेग उतरू लागतो. वळण फुकट मिळत नाही, ही गोष्ट नवख्याच्या ध्यानात येत नाही ती येथे. कारण दांडा ओढला त्या क्षणी विमान मोठ्या आज्ञाधारकपणे वळते, आणि बिल मागाहून येते.

थोडी आकडेमोड केली तर हे स्पष्ट होईल. चार जीच्या वळणात ताशी ५४० किलोमीटर वेगाच्या विमानास सुमारे ५९० मीटर त्रिज्येचे वर्तुळ लागते, आणि एक फेरा पुरा होण्यास सुमारे २५ सेकंद जातात. भार तोच ठेवून वेग ताशी ३६० किलोमीटर असेल, तर त्रिज्या २६० मीटरांच्या आसपास येते आणि फेरा साडेसोळा सेकंदांत पुरा होतो. वेग दीडपट, तर वर्तुळ सव्वादोन पट. हे पाहून कोणीही म्हणेल, की मग सावकाशच उडावे! परंतु सावकाश उडणारे पंख चार जीचे बल देऊच शकत नाहीत. जे विमान सरळ उडताना ताशी १२० किलोमीटरांखाली गेले की हवेतील पकड सोडून कोसळू लागते, ज्याला वैमानिक स्टॉल होणे म्हणतात, तेच विमान चार जीच्या वळणात ताशी २४० किलोमीटरांवरच पकड सोडते, आणि नऊ जीला तर ३६० वर. म्हणून प्रत्येक विमानाचा असा एक वेग असतो, की ज्याच्या खाली पंखांची ताकद अपुरी पडते, आणि ज्याच्या वर विमानाच्या सांगाड्याची किंवा माणसाच्या देहाची सहनशक्ती आड येते. त्या नेमक्या वेगाला वळण सर्वांत झटपट होते. खेळाडूंच्या बोलीत ह्याला कॉर्नर स्पीड म्हणतात, आणि चांगला खेळाडू आपल्या विमानाचा हा आकडा पाढ्यासारखा पाठ करून ठेवतो.

आणखी एक हिशेब. ताशी ५४० वरून ३६० पर्यंत वेग उतरणे म्हणजे सुमारे ६४० मीटर उंची हातची घालविण्यासारखे आहे. कारण वेग उंचीत बदलता येतो आणि उंची वेगात. व्यापारी जसा रोकड आणि माल ह्या दोहोंचा मिळून आपला आसामी हिशेब धरतो, तसा वैमानिकाने वेग आणि उंची ह्यांचा मिळून धरावयाचा असतो. नवखा मनुष्य पहिल्या अर्ध्या फेऱ्यात मुद्दलच खाऊन बसतो. नंतर इंजिन जे काही मिळवून देईल त्यावर त्याला दिवस काढावे लागतात, आणि इंजिनाची मिळकत अशा प्रसंगी फार तुटपुंजी असते.

हे खेळ काही अगदी कालचे नव्हेत. १९८० नंतरच्या दशकातच अमेरिकेत केस्माय ह्या संस्थेचा 'एअर वॉरियर' हा खेळ टेलिफोनच्या तारांवरून, तासागणिक पैसे मोजून, खेळला जात असे. पडद्यावर चार रेषांचे विमान दिसे, पण समोरचा शत्रू खराखुरा मनुष्य असे, आणि त्यातच त्याची सारी गोडी होती. पुढे २००१ साली रशियात तयार झालेल्या 'आयएल-२ श्टुर्मोविक' ने दुसऱ्या महायुद्धातील विमाने अशी बारकाईने उभी केली, की जाणत्यांनीही मान डोलवावी. २०१२ पासून 'वॉर थंडर' सर्वांना खुला झाला, आणि 'डीसीएस' मध्ये तर एकेका विमानातील बहुतेक सारी बटणे जागच्या जागी चालतात. खेळांची ही वंशावळ येथेच सोडून देऊ. त्यांच्या पोटात जे आहे, ते पडद्याच्या झगमगाटापेक्षा पुष्कळ जुने आहे.

ते किती जुने आणि किती महाग आहे, ह्याचे उत्तम उदाहरण १९४१ सालचे आहे. अमेरिकन आरमाराच्या हवाई पथकाचा एक अधिकारी जॉन थॅच ह्याच्या वाचनात जपानच्या झीरो नामक नव्या विमानाविषयीचा एक गुप्त अहवाल आला. हे विमान हलके, पंखाने ऐसपैस, आणि म्हणून वळण्यात व वर चढण्यात अमेरिकनांच्या वाइल्डकॅटपेक्षा फार सरस होते. वाइल्डकॅटवाल्याने त्याच्याशी वळणात स्पर्धा करणे म्हणजे मरणाला निमंत्रण देणे होते. थॅचने काय केले? तो रात्री घरच्या टेबलावर आगकाड्या मांडून बसू लागला. एक काडी म्हणजे एक विमान. काड्या सरकवून सरकवून त्याने एक युक्ती शोधून काढली. दोन वाइल्डकॅटांनी काही अंतर राखून जोडीने उडावे; एकाच्या पाठीस झीरो लागला, की दोघांनीही एकमेकांच्या दिशेने वळावे. पाठलाग करणारा झीरो आपल्या सावजामागे वळतो, तो नेमका दुसऱ्या वाइल्डकॅटच्या तोफांसमोर येतो. पुन्हा दूर जावे, पुन्हा आत वळावे. आकाशात जणू दोन धाग्यांची वीण घातली जावी. हीच पुढे 'थॅचची वीण' म्हणून प्रसिद्ध झाली, आणि ४ जून १९४२ रोजी मिडवेच्या लढाईत खुद्द थॅचने ती शत्रूवर प्रथम वापरली.

टेबलावरच्या त्या आगकाड्या आणि आजच्या मुलाच्या टेबलावरचा संगणक ह्यांत तत्त्वतः भेद नाही. दोन्ही ठिकाणी मनुष्य खुर्चीत बसून आकाशातील वर्तुळांचा विचार करीत असतो. आज हीच वीण एकमेकांचे तोंडही न पाहिलेले दोन खेळाडू घालतात. एकाच्या कानात दुसऱ्याचा आवाज येतो, "आत वळ," आणि त्याने वळावे लागते, तेही पाठीवर गोळ्या येत असता, नेमके त्या बाजूस, जेथून दुसरे विमान सरळ अंगावर येत आहे. हा विश्वास शिकविता येत नाही. आणि तो नसेल तर वीण पहिल्याच टाक्याला उसवते.

झीरोची कथा आणखी थोडी सांगण्यासारखी आहे. १९४२ च्या जून महिन्यात अल्यूशन बेटांपैकी अकुतान बेटावर एक झीरो दलदलीत उतरला आणि उलटला. वैमानिक मरण पावला, पण विमान जवळजवळ शाबूत राहिले. अमेरिकनांनी ते सॅन दिएगोस नेऊन दुरुस्त केले आणि सप्टेंबरात उडवून पाहिले. तेव्हा कळले, की अजिंक्य वाटणाऱ्या ह्या विमानाच्या पंखांची कलविणारी फडकी वेग वाढला की दगडासारखी जड होतात. डावीकडे कलणे त्यातल्या त्यात सोपे, उजवीकडे अधिक कठीण. शिवाय नाक एकाएकी खाली दाबले, की इंजिन गचके खाते. मग उपाय उघड झाला. झीरो मागे लागला तर त्याच्याशी वळू नये. नाक दाबून सूर मारावा, वेग घ्यावा, आणि उजवीकडे झटकन कलावे. आजच्या चांगल्या खेळांतही झीरोचे विमान वेगात असे जड होते. खेळणाऱ्यास दलदलीतल्या त्या विमानाची वार्ता नसते, तरी त्याच्या बोटांना तिचा अनुभव येतो.

ह्यावरून एक गोष्ट निघते. खेळातील तज्ज्ञ हा वळणाचा तज्ज्ञ असतो, पण तो कमीत कमी वळतो. त्याच्या बऱ्याचशा चाली वळण टाळण्याच्या, किंवा वळणाचा खर्च दुसऱ्या खात्यावर टाकण्याच्या असतात. वरची यो-यो ही चाल घ्या. शत्रू पुढे वळतो आहे; मागच्या विमानाचा वेग जास्त आहे; तसेच वळत राहिले तर ते शत्रूच्या वर्तुळाबाहेर फेकले जाऊन त्याच्या पुढे निघून जाणार, म्हणजे शिकाऱ्याचेच सावज होणार. नवखा येथे दांडा आणखी ओढतो आणि होता तो वेग जाळून टाकतो. जाणता वळण किंचित सैल करून नाक आकाशाकडे उचलतो. चढताना वेग कमी होतो, पण जात नाही. तो उंचीच्या रूपाने जमा राहतो. वेग कमी झाल्यामुळे वर्तुळ आकसते. माथ्यावर विमान जवळजवळ पालथे असता पंखांची ओढ आणि पृथ्वीची ओढ एकाच बाजूस पडतात, म्हणून नाक सहजगत्या खाली फिरते, आणि जमा केलेली उंची पुन्हा वेगात वटवीत तो शत्रूच्या वर्तुळाच्या आत, त्याच्या पाठीवर उतरतो. खालची यो-यो ह्याच्या उलट. वेग अपुरा असेल, तर नाक वर्तुळाच्या आत खाली दाबून थोडी उंची वेगात मोडावयाची आणि खालून शत्रूला गाठावयाचे. उंचीची मोड नको तेव्हा केली तर मात्र दिवाळे ठरलेले.

पाठलागातही असाच विवेक लागतो. विमानाचे नाक शत्रूच्या पुढे रोखता येते, थेट त्याच्यावर रोखता येते, किंवा त्याच्या शेपटीमागे रोखता येते. पुढे रोखले तर अंतर झपाट्याने तुटते आणि गोळी लागण्याची आशा असते, कारण गोळी पोचेपर्यंत शत्रू पुढे सरकलेला असतो. पण तेवढ्यासाठी वळण फार आखूड घ्यावे लागते. मागे रोखणे हे नवख्याला भ्याडपणाचे वाटते. संक्रांतीला पतंग काटणाऱ्या मुलाला मात्र ते चटकन कळावे. खेच आणि ढील ह्यांपैकी खेच दिसावयास शूर, परंतु मांजा राखून डाव जिंकते ती पुष्कळदा ढील. शेपटीमागे नाक ठेवून वर्तुळाच्या बाहेरून सावकाश येणारा खेळाडू आपला वेग राखतो, शत्रूच्या नजरेआड राहतो, आणि शत्रू दमला की मग आत शिरतो.

कात्रीचा प्रकार तर गमतीचा आहे. पाठलाग होत असलेला खेळाडू एकदम कडक वळतो, मागचा वेगामुळे त्याच्या वाटेवरून पलीकडे निघून जातो, त्याच क्षणी पहिला उलट दिशेस वळतो, मागचाही वळतो, आणि दोघेही एकमेकांच्या वाटा कापीत नागमोडी जाऊ लागतात. आता जो पुढे जाईल तो मेला. शाळेच्या क्रीडादिनी सावकाश सायकल चालविण्याची शर्यत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे दृश्य परके वाटू नये. जो मागे राहील आणि तरी पडणार नाही, तो जिंकला. फरक इतकाच, की येथे पाय टेकावयास जमीन फार खोल असते.

भारतीय श्रोत्यांना जवळचे एक उदाहरण मिग-२१ चे आहे. हे विमान भारतीय हवाई दलात १९६३ मध्ये आले, नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बांधले गेले, आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे त्याला निरोप देण्यात आला. 'डीसीएस' मध्ये मात्र त्याचा मिग-२१ बिस हा प्रकार २०१४ पासून उडतोच आहे. त्याचे पंख त्रिकोणी. असे पंख मोठ्या कोनातही हवेची पकड लवकर सोडीत नाहीत, म्हणून पहिला हिसका ते झकास देतात. पण त्या कोनात विरोध इतका वाढतो, की वेग डोळ्यांदेखत उतरतो. क्षणाचे वळण एक आणि टिकाऊ वळण दुसरे, हा भेद ह्या विमानाइतका स्वच्छ क्वचितच दुसरे शिकवील. ह्या खेळात मिग घेऊन जो एकाच वळणात काम उरकून सरळ निघून जातो, तो टिकतो. जो शत्रूभोवती पिंगा घालीत बसतो, तो टिकत नाही.

वेग आणि उंची ह्यांच्या ह्या जमाखर्चाला शास्त्राचे रूप दिले ते अमेरिकन हवाई दलाच्या जॉन बॉइडने. १९६० साली त्याने हवाई हल्ल्यावरील आपले अभ्यासपुस्तक सिद्ध केले आणि पुढे टॉमस ख्रिस्ती ह्या गणितज्ञाच्या साहाय्याने एक सोपे सूत्र रूढ केले. इंजिनाच्या जोरातून हवेचा विरोध वजा करावा, बाकीला विमानाच्या वजनाने भागावे आणि वेगाने गुणावे. उत्तर अधिक आले तर विमानाची मिळकत चालू आहे. उणे आले तर मुद्दल झिजत आहे. आज एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी दोन विमानांचे ह्या सूत्राचे आलेख शेजारी ठेवून, कोणत्या उंचीवर कोणाशी भिडावे हे रात्री ठरवीत बसतो, आणि घरच्या वडील मंडळींना वाटते, की मुलगा नुसता वेळ घालवीत आहे. वेळ जातो हे खोटे नाही. पण वर्ग, वर्गमूळ आणि कोन ह्यांच्याशी त्याची अशी स्वेच्छेची ओळख वर्गात किती वेळा झाली असती, हाही प्रश्न आहे.

दूरच्या माणसाशी खेळण्यात मात्र एक अशी अडचण आहे, जी ना थॅचला होती, ना बॉइडला. एका घरातील विमानाची जागा दुसऱ्या घरातील पडद्यावर पोचण्यास वेळ लागतो. तो सेकंदाचा दशांश जरी धरला, तरी ताशी ५४० किलोमीटरांचे विमान तेवढ्यात १५ मीटर पुढे गेलेले असते, आणि स्पिटफायरच्या पंखांची सारी रुंदी ११ मीटरांच्या आसपास आहे! पाठलाग करणाऱ्यास पुढचे विमान आहे त्याहून मागे, म्हणजे जवळ दिसते. पुढच्यास मागचा आहे त्याहून दूर भासतो. "तो एवढा लांब होता, मग मी मेलो कसा?" ह्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते. संगणक ही उणीव अंदाजाने भरून काढतो. विमान ज्या वाटेने चालले आहे त्याच वाटेने पुढे सरकवून दाखवितो. सरळ उड्डाणात हा अंदाज साधतो. परंतु वळण म्हणजेच वाट बदलणे, आणि ती जितकी एकाएकी बदलावी, तितका अंदाज चुकतो. शत्रूचे विमान पडद्यावर मध्येच उडी मारते. आकाशात ज्या वळणाने जीव वाचतो, ते वळण येथे कधी कधी नुसत्या तारेच्या विलंबानेही वाचविते. ह्यास कौशल्य म्हणता येणार नाही.

काही खेळांत तर माउसने नुसते बोट दाखवावे आणि विमान आपण होऊन तिकडे वळावे अशी सोय केलेली असते. संगणकातील अदृश्य शिक्षक विमानाला स्टॉल होऊ देत नाही. गणिताचे उत्तर शिक्षकाने फळ्यावर लिहून द्यावे आणि विद्यार्थ्याने वहीत उतरून घ्यावे, तसा हा प्रकार. करमणूक होते, हे मान्य. पण विमान हातातून सुटण्याच्या सीमेवर त्याला राखणे हाच जर वळणाचा प्राण, तर ह्या सोयीत तो प्राणच काढून घेतलेला असतो.

तथापि सर्वांत मोठी उणीव तारेची नव्हे, की माउसची नव्हे. ती देहाची आहे. सहा जीच्या वळणात ७० किलो वजनाचा मनुष्य ४२० किलोंचा होतो. त्याच्या डोक्यातील रक्त पायांकडे ओढले जाते. आधी रंग फिके पडतात, मग दृष्टी कडांकडून आत आत काळवंडत येते, आणि तरीही ओढ सोडली नाही तर शुद्ध जाते. अशा स्थितीत त्याला मान वळवून खांद्यामागे पाहावयाचे असते, कारण शत्रू तेथे आहे, आणि शिरस्त्राणासह ते डोके त्या क्षणी पोत्याइतके जड झालेले असते. पोटऱ्या आणि पोट आवळून, हुंकार देत, श्वास तोडून तोडून घेत तो हे करतो. खेळातही पडदा कडांकडून काळा होतो. गणित तेथेही चुकत नाही. पण खेळणाऱ्याचा चहाचा पेला टेबलावर जागचा हलत नाही, आणि मागे पाहण्यास एक बटण पुरते. झीरोच्या वैमानिकास वेगात जो दांडा दोन्ही हातांनी हलेना, तो येथे स्प्रिंग लावलेल्या जॉयस्टिकच्या रूपाने एका मनगटात हलतो. विमान मात्र हलत नाही, आणि खेळणारा संगणकावर चिडतो.

हा देहच वगळला तर काय होते, ह्याचा एक प्रयोग ऑगस्ट २०२० मध्ये झाला. अमेरिकेच्या डार्पा ह्या सरकारी संस्थेने मनुष्य आणि संगणक ह्यांचे द्वंद्व लावले. एका बाजूस एफ-१६ चा अनुभवी लष्करी वैमानिक, दुसऱ्या बाजूस हेरॉन सिस्टिम्स ह्या कंपनीने शिकवून तयार केलेली संगणकप्रणाली; दोघांनाही पडद्यावरची एफ-१६ विमाने दिली होती, आणि शस्त्र फक्त तोफेचे. पाचही फेऱ्या संगणकाने जिंकल्या. पाहणाऱ्यांना जी गोष्ट खटकली ती ही, की संगणक समोरासमोर, नाकासमोर नाक आणून, टक्कर होते की काय अशा अंतरावर गोळी साधीत होता. सरावाच्या नियमांनी खऱ्या वैमानिकांना असा समोरून तोफेचा हल्ला मना आहे. त्यात दोघेही मरण्याचा संभव फार. संगणकाला शत्रूची जागा क्षणोक्षणी अचूक कळत होती हे खरे, परंतु त्याला मरावयाचे नव्हते हेही तितकेच खरे.

टकरीचा विषय निघाला, म्हणून ओस्वाल्ड बोल्केची आठवण होणे क्रमप्राप्त आहे. हवाई द्वंद्वाचे पहिले नियम लिहून काढणारा हा जर्मन वैमानिक. हल्ल्यापूर्वी उंची आणि पाठीशी सूर्य मिळवून घ्यावा. शत्रू अंगावर झेपावला तर पळू नये, वळून त्याला सामोरे जावे. हे त्याचे १९१६ सालचे नियम आजच्या खेळाडूंनाही नव्याने शिकविले जातात, बहुधा लेखकाचे नाव न सांगता. २८ ऑक्टोबर १९१६ रोजी बोल्के आणि त्याचा मित्र एर्विन ब्योमे एकाच इंग्रज विमानामागे लागले असता, दुसरे एक विमान वाटेत आडवे आले. दोघांनीही ते चुकविण्यासाठी वळण घेतले. पंखांमुळे क्षणभर एकमेकांना दिसले नाहीत. ब्योमेच्या विमानाची चाके बोल्केच्या वरच्या पंखाला घासली. स्पर्श हलकाच होता. पण पंख फाटत गेला, विमान ढगांत शिरले, आणि चाळीस विमाने पाडलेला हा वैमानिक वयाच्या पंचविसाव्या वर्षी शेतात कोसळून मेला. ब्योमे वर्षभर त्या आठवणीसह लढत राहिला, आणि १९१७ च्या नोव्हेंबरात तोही मारला गेला.

पडद्यावरील आकाशात अशा टकरी रोज संध्याकाळी होतात. दोन मित्र एकाच शत्रूमागे धावतात, एकाच वेळी आत वळतात, पंखाला पंख लागतो, आणि दोन्ही विमाने तुकडे होऊन खाली जातात. एक जण दुसऱ्याला कळवितो, की चूक माझी होती. दुसरा हसतो. काही सेकंदांत दोघेही धावपट्टीवर नव्या विमानात बसलेले असतात, आणि इंजिने सुरू झालेली असतात.